धर्मनिष्ठेचे माप कसे घ्यावे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी थोडा विस्तार करून)



विषयाचे नाव वाचूनच काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. धर्मनिष्ठा ही काय तांदूळ की डाळ, की पारड्यात घालून तिचे वजन करावे? शंका रास्त आहे. परंतु हे वजन होत आहे, आणि तेही तुमचे-आमचेच. मानसशास्त्र विषय घेतलेली महाविद्यालयातील मुले-मुली प्रकल्पासाठी छापील प्रश्नावली घेऊन भायखळा, माझगाव, परळ, लालबागच्या चाळींतून फिरतात. मोठ्या संशोधन संस्था हजारो लोकांना प्रश्न विचारून आकडे प्रसिद्ध करतात. वर्तमानपत्रे त्या आकड्यांचे मथळे करतात, आणि अमुक समाज इतके टक्के धार्मिक, तमुक समाज तितके टक्के, हे वाक्य दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात ऐकू येते. ज्यांचे माप घेतले जाते ते आपण असू, तर ते कसे घेतात आणि त्यात खोट कोठे राहते, हे आपल्याला समजले पाहिजे.

मी मानसशास्त्रज्ञ नव्हे. बी.एड.ला मूल्यमापनाचा पेपर होता आणि दरवर्षी गठ्ठ्याने उत्तरपत्रिका तपासतो, एवढाच माझा अधिकार. पण परीक्षा आणि मापनश्रेणी ही सख्खी भावंडे आहेत. दोघांच्या अंगी दोन गुण असावे लागतात. एक विश्वसनीयता, म्हणजे तीच वस्तू पुन्हा मापली तर माप तेच यावे. दुसरा सप्रमाणता, म्हणजे जे मापायचे ठरविले तेच मापले जावे. गणिताच्या पेपरातील भाषा इतकी जड झाली की मुलाला प्रश्नच उमगला नाही, तर तो नापास झाला कशात? गणितात की भाषेत? धर्मनिष्ठेच्या मोजमापातील जवळजवळ सगळा घोळ या दुसऱ्या गुणाचा आहे.

एक उदाहरण घ्या. जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने १९१४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांना ईश्वरावर विश्वास आहे काय, असे विचारले. सुमारे ४० टक्के लोकांनी होकार दिला. १९९६ साली लार्सन आणि विथॅम या दोघांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत नव्या शास्त्रज्ञांना विचारला, तेव्हाही उत्तर सुमारे ४० टक्केच आले. मध्ये दोन महायुद्धे झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी काटा हलला नाही. पण ल्यूबा यांच्या प्रश्नातला ईश्वर होता तो प्रार्थना ऐकून तिला उत्तर देणारा. निर्गुण निराकार तत्त्व मानणारा, किंवा काही न मागता केवळ शुक्र अदा करणारा माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनातला देव प्रश्नात आधीच येऊन बसलेला असतो.

पुढे अभ्यासकांना कळले की एका प्रश्नाने भागणार नाही. चार्ल्स ग्लॉक यांनी १९६२ मध्ये धार्मिकतेची पाच अंगे सांगितली: श्रद्धा, विधी, अनुभूती, धर्माचे ज्ञान, आणि या सर्वांचा रोजच्या वागण्यावर होणारा परिणाम. शिक्षकाला ही कल्पना आवडण्याजोगी आहे, कारण ती पाच विषयांच्या गुणपत्रिकेसारखी आहे. मात्र गुणपत्रिकेचा दोषही तीत आला. एखाद्या विद्वानाला ज्ञानात पैकीच्या पैकी आणि आचरणात शून्य. एखाद्या निरक्षर आजीला आचरणात पैकीच्या पैकी आणि ज्ञानात शून्य. बेरीज दोघांची सारखीच! त्यातून पाचव्या अंगाचे प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत नावापुरते असतात. माप मारणाऱ्या व्यापाऱ्यांवर कुरआनात एक स्वतंत्र सूरा आहे. पण धार्मिकतेच्या प्रश्नावलीत दुकानदाराला वजनमापाविषयी विचारलेले माझ्या पाहण्यात नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी १९६७ साली आणखी एक भेद केला. काही माणसे धर्म जगतात, काही धर्माचा वापर करतात: ओळखी व्हाव्यात, समाजात मान राहावा, मनाला दिलासा मिळावा म्हणून. दोन्ही प्रकारची माणसे प्रार्थनेला एकाच रांगेत बसलेली असतात, आणि हजेरीपटावर दोघांची नावे सारखीच लागतात. त्यांच्या पाहणीत वापर करणारे लोक इतर वंशाच्या माणसांविषयी अधिक पूर्वग्रही आढळले. पण खरी गंमत पुढेच आहे. परस्परविरोधी अशा दोन्ही प्रकारच्या विधानांना "होय, होय" म्हणणारा एक तिसरा गट त्यांना सापडला, आणि पूर्वग्रहात तो सर्वांच्या पुढे होता. धर्माच्या बाजूचे काहीही दिसले की मान डोलवायची, अशी माणसे आपल्या ओळखीत नाहीत काय? कोणत्याही समाजात पाहा, निवडणुकीच्या दिवसांत त्यांची संख्या वाढते.

माणसे स्वतःविषयी खरे सांगतात का, हा त्यापुढचा प्रश्न. अमेरिकेत वर्षानुवर्षे सुमारे ४० टक्के लोक सांगत आले की आम्ही दर आठवड्याला चर्चला जातो. १९९३ मध्ये हॅडवे, मार्लर आणि चेव्ह्ज या तिघांनी ओहायो राज्यातील एका जिल्ह्यात प्रत्यक्ष शिरगणतीच्या आधारे प्रोटेस्टंटांची आणि इतरत्र अठरा कॅथलिक धर्मप्रांतांतील उपस्थिती तपासली. ती सांगितल्याच्या निम्म्याच्या आसपास भरली. लोक लबाड होते असे मी म्हणणार नाही. "गेल्या आठवड्यात गेला होता का?" या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस "मी जाणाऱ्यांपैकी आहे का?" या प्रश्नाचे उत्तर देतो. म्हणून काही अभ्यासकांनी दुसरी वाट काढली. धर्माचे नावही न काढता ते सांगतात, काल सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केले ते क्रमाने सांगा. प्रेसर आणि स्टिन्सन यांनी १९९८ मध्ये दाखविले की अशा दिनक्रमातून येणारा उपस्थितीचा आकडा थेट प्रश्नातून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असतो.

आता हेच प्रश्न घेऊन आपण आपल्या मोहल्ल्यात येऊ.

"आपण नियमित नमाज पढता काय?" खरोखर पाच वक्ताचा पाबंद असलेला बुजुर्ग या प्रश्नाला काय म्हणेल? "कसली आमची नमाज, भाई! अल्लाह कबूल करो." फार आग्रह केला तर "कधीकधी" वर खूण करील. कारण आपल्या इबादतीची जाहिरात करणे म्हणजे रिया, आणि रिया हा त्याच्या दृष्टीने मोठा दोष. शेजारच्या चाळीतील माळकरी आजोबाही स्वतःला भक्त म्हणवून घ्यायला असेच संकोचतील. याउलट जुम्म्याला तेवढा मशिदीत दिसणारा तरुण बिनदिक्कत "नेहमी" लिहून मोकळा. गुणांची बेरीज केली की तरुण वर, बुजुर्ग खाली. सही बुखारीतील पहिलीच हदीस नियतीविषयी आहे, हे आपल्या मुलांना मक्तबात शिकवितात. नियत ही प्रश्नावलीच्या हाती न लागणारी गोष्ट, आणि ती जपणाऱ्यालाच इथे कमी गुण मिळतात.

दुसरा प्रश्न घ्या: "मशिदीत किती वेळा जाता?" पाश्चात्त्य श्रेण्यांतील चर्चचा प्रश्न आपल्याकडे येताना बहुधा असाच बदलून येतो. आपल्या शहरातील पुष्कळशा मशिदींत स्त्रियांसाठी सोय नाही, आणि जुम्म्याची नमाज त्यांच्यावर फर्ज नाही. म्हणजे अर्धा समाज या प्रश्नात शून्यावर बाद. "दररोज पाच वेळा नमाज पढता काय?" इथेही तेच. स्त्रियांना महिन्यातील काही दिवस नमाज माफ आहे. धर्माने सांगितले तसेच वागणाऱ्या बाईला "दररोज" वर खूण करताच येत नाही. "जकात देता काय? हज केला काय?" ज्याच्यापाशी निसाबाइतकी मालमत्ता नाही त्याच्यावर जकात नाही, आणि ऐपत नसेल तर हज नाही. हा प्रश्न धर्मनिष्ठा मापतो की खिसा?

पाळीच्या नोकरीचेही असेच. मदनपुऱ्याचे विणकर एकेकाळी गिरण्यांच्या विणकाम खात्यात राबत असत. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून मिटल्या आणि परळ-लोअर परळच्या त्याच जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. आज तेथे रात्रपाळीचा पहारेकरी लिफ्टपाशी उभा असतो. त्याची नमाज वेळेवर होते की घरी जाऊन कजा म्हणून होते, हे त्याच्या ईमानापेक्षा त्याच्या सुपरवायझरवर अधिक अवलंबून आहे.

हाजीअलीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. पूर्वी स्त्रिया दर्ग्याच्या मजारीपाशी जात असत. २०१२ च्या सुमारास त्यांचा तेथील प्रवेश बंद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ही बंदी उठविण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर स्त्रिया पुन्हा आत गेल्या. समजा, एकाच बाईला २०१०, २०१४ आणि २०१७ अशा तीन वर्षी विचारले असते, "आपण मजारीपाशी जाऊन फातिहा पढता काय?" उत्तरे आली असती होय, नाही, होय. कागदावर तिची श्रद्धा आटली आणि पुन्हा भरून आली. प्रत्यक्षात बदलला तो दरवाजा. २०२० च्या मार्चपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील सर्व धर्मस्थळे महामारीमुळे बंद होती. त्या महिन्यांत उपस्थिती मोजली असती, तर सिद्धिविनायकाच्या मंगळवारच्या रांगेतील भाविकही नास्तिकांत जमा झाला असता.

माप कोणाचे घ्यायचे, त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे, हाही जुना पेच आहे. मुंबई इलाख्याच्या १९११ च्या खानेसुमारीत गुजरातेतील काही जमातींचे रीतिरिवाज पाहून त्यांना हिंदू म्हणावे की मुसलमान, हे ठरेना. अधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी "हिंदू-मुहम्मदन" असा वेगळा रकाना केला. खानेसुमारी आयुक्त गेट यांना तो पसंत पडला नाही. प्रत्येकाला या किंवा त्या धर्मात घालायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे. रकान्याला टोके लागतात, माणसांना ती असतातच असे नाही. माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मान असतो, आणि तेथून हाकेच्या अंतरावर सेंट मायकेल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांची माणसे मेणबत्त्या घेऊन येतात. गिरगावातून दर बुधवारी तिथे जाणाऱ्या हिंदू बाईने "आपल्या धर्माच्या प्रार्थनास्थळी किती वेळा जाता?" या प्रश्नाला काय लिहावे?

आता भाषेकडे वळू. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेने नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांना १७ भाषांतून प्रश्न विचारले आणि २०२१ मध्ये अहवाल काढला. पाहणी मोठी होती आणि मेहनतीने केलेली होती. ९७ टक्के भारतीय ईश्वर मानतात. धर्म जीवनात अत्यंत महत्त्वाचा आहे असे मुसलमानांपैकी ९१ टक्के आणि हिंदूंपैकी ८४ टक्के सांगतात. या आकड्यांचे मथळे झाले. मला अधिक बोलका वाटला तो दुसराच आकडा. कर्मावर विश्वास आहे असे सांगणारे हिंदू ७७ टक्के, आणि मुसलमानही तितकेच, ७७ टक्के!

यावर कोणी म्हणेल, पाहा, सगळे एकच आहेत. दुसरा म्हणेल, पाहा, मुसलमान धर्मापासून ढळले. थोडे थांबा. आपल्या घरातील बायका भाकरी करपली तरी "कर्म माझं!" म्हणून कपाळावर हात मारतात. तिथे कर्म म्हणजे नशीब. "जैसी करनी वैसी भरनी" म्हणणाऱ्या माणसाच्या मनात कर्म म्हणजे कृती आणि आखिरतचा हिशेब. आणि जन्मोजन्मीचा फेरा मानणाऱ्याच्या मनात कर्म म्हणजे आणखी तिसरेच. तिघेही "होय" म्हणतात आणि तिघांची बेरीज एका आकड्यात होते. त्याच पाहणीत पुनर्जन्म मानणारे हिंदूसुद्धा निम्म्याहून कमी निघाले, मुसलमान त्याहून कमी. शब्द एक, अर्थ अनेक. आणि भाषांतर करणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी बोलीतला अर्थ त्याच्या हातून निसटतोच. खुद्द "धार्मिक" हा शब्द पाहा. कोणाला तो दीनदार या अर्थाने गोड लागतो, कोणाला त्यात कट्टरपणाचा वास येतो.

साचा उसना घेण्याचीही एक परंपरा आहे. इंग्लंडमधील लेस्ली फ्रान्सिस यांनी १९७८ मध्ये ख्रिस्ती धर्माविषयीच्या वृत्तीची २४ विधानांची श्रेणी केली. ती सुटसुटीत आणि उपयोगी होती, म्हणून पुढे तिच्याच धर्तीवर ज्यू, मुसलमान आणि हिंदू यांच्यासाठी श्रेण्या झाल्या. तुलनेला हे सोयीचे आहे यात शंका नाही. पण एकाच मापाचे सदरे सगळ्यांना शिवले, तर कोणाची बाही आखूड होणारच. हिशाम अबू राया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मुसलमानांच्या मुलाखतींपासून सुरुवात करून स्वतंत्र श्रेणी बांधली, हे योग्य दिशेचे पाऊल. तिथेही एक अडचण राहतेच. अल्लाह एक आहे, कयामत येणार आहे, या विधानांना बहुतेक सगळे मुसलमान पूर्ण सहमती देतात. ज्या प्रश्नाला वर्गातील प्रत्येक मुलाला पैकीच्या पैकी गुण पडतात, त्या प्रश्नाने हुशार आणि कच्चा यांत भेद होत नाही, हे बी.एड.च्या पहिल्याच चाचणीत आम्हांला शिकवितात.

विचारणारा कोण, यानेही उत्तर बदलते. कैरो शहरात १,२०० स्त्रियांची एक पाहणी झाली; ब्लेड्स आणि गिलम यांनी ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न विचारणारी बाई हिजाबमध्ये असली की मुस्लिम स्त्रिया स्वतःला अधिक धार्मिक सांगत, विशेषतः तरुण, गरीब आणि कमी शिकलेल्या. आपल्याकडे तर दहा बाय बाराच्या खोलीत सून उत्तर देते तेव्हा सासू जवळच तांदूळ निवडत असते. तिथे कोणते खरे उत्तर मिळणार?

मग हा सगळा उद्योग सोडून द्यावा काय? माझे मत तसे नाही. परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या बाहेर फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांतील दोघांची नमाज, रोजे, दुआ सारखीच असतील आणि श्रेणीवर गुणही सारखेच पडतील. पण एक म्हणतो, ही अल्लाहची आजमाइश आहे. दुसरा म्हणतो, ही माझ्या गुन्ह्यांची सजा आहे, अल्लाहने मला टाकले. केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ५९६ आजारी रुग्णांवर लक्ष ठेवून २००१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ईश्वराने आपल्याला टाकले, शिक्षा केली अशा विचारांनी ज्यांना ग्रासले होते, त्यांच्यात पुढील दोन वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. "किती धार्मिक?" या प्रश्नाने हा फरक कधीच दिसला नसता, "कसे धार्मिक?" असे विचारल्यामुळे दिसला. अशा रुग्णाला वेळीच ओळखून त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलणारा समुपदेशक हवा असेल, तर नीट मापणारी माणसेही हवीत, आणि ती आपल्या मुला-मुलींतून तयार व्हावीत अशी माझी इच्छा आहे. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे शास्त्र, मुलीला त्यात घालू नये, असे मला सांगणाऱ्या पालकांनी या रुग्णाचा विचार करावा.

पालकांसाठी मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरातील अकरावीच्या मुलाने महाविद्यालयात अशीच एक प्रश्नावली भरली. नमाजच्या प्रश्नाला त्याने खरे ते लिहिले: "कधीकधी". तो कागद दप्तरातून वडिलांच्या हाती पडला. त्यांनी मुलाशी पंधरा दिवस बोलणे टाकले. पुढच्या सहामाहीत दुसरी प्रश्नावली आली तेव्हा मुलाने वरपासून खालपर्यंत "दररोज" वर खुणा केल्या आणि तो कागद मुद्दाम टेबलावर ठेवला. वडील खूश झाले. संशोधकाला एक चांगला आकडा मिळाला. नमाज होती तेवढीच राहिली, आणि एका प्रामाणिक मुलाने खोटे लिहायला घेतले. वडिलांची तळमळ मी समजू शकतो. पण मुलाचे खरे उत्तर ऐकून घेण्याची ताकद घरात नसेल, तर ते उत्तर अमेरिकेतील विद्यापीठाला तरी कोठून मिळणार?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही स्वतः प्रश्नावली करणार असाल तर ती आधी आपल्या आईला, मग नानीला मोठ्याने वाचून दाखवा; जिथे त्या "म्हंजे काय रे?" विचारतील तो प्रश्न पुन्हा लिहा. स्त्रियांसाठी, पाळीत काम करणाऱ्यांसाठी, ज्यांच्यावर जकात लागू नाही त्यांच्यासाठी "मला लागू नाही" असा रकाना ठेवा आणि त्याचे शून्य धरू नका. "किती वेळा?" ऐवजी "काल काय केलेत?" विचारून पाहा. एका खोलीत चार माणसे असतील तर उत्तरे तोंडी न घेता कागद घडी करून पेटीत टाकायला सांगा. आणि प्रश्नावलीच्या डोक्यावर नावाचा रकाना छापलेला असेल, तर तो कोरा सोडण्याची मुभा आहे, हे उत्तर देणाऱ्याला पेन हातात देण्यापूर्वीच सांगा.